जुन्या प्रकल्पातला छोटा बदल एआय एजंटकडून करून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: बिलिंगचा आठ वर्षं जुना जँगो प्रकल्प आहे (जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायची चौकट). त्यातली किरकोळ कामं, म्हणजे अहवालात एक कॉलम, फॉर्मला एक फील्ड, रकमेचं स्वरूप बदलणं, एआय एजंटकडून, म्हणजे सांगितल्यावर स्वतः फाइली बदलणाऱ्या एआय साधनाकडून, करून घ्यायची आहेत. पण काम एवढंसं सांगितलं तरी एजंट दहा-बारा फाइलींना हात लावतो, टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) हिरव्या, म्हणजे पास, दिसतात आणि चार दिवसांनी भलतीकडेच काहीतरी मोडलेलं निघतं. काम सांगायचं कसं आणि तपासायचं काय?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कामाचा आकार ओळींवरून ठरत नाही, त्या ओळींचा परिणाम किती ठिकाणी पोचतो यावरून ठरतो. जुन्या प्रकल्पात दोन ओळींचा बदल सगळ्यात महाग पडू शकतो, आणि एजंटला नेमका तोच बदल आवडतो, कारण तो सुटसुटीत दिसतो.

तुमच्याच प्रश्नातलं रकमेच्या स्वरूपाचं काम घेऊ. बिलाच्या पीडीएफमध्ये ₹1,234,567.00 येतं, तिथे ₹12,34,567.00 हवं आहे. एजंटला नुसतं एवढंच सांगितलं तर त्याच्यापुढे तीन सोपे रस्ते असतात, आणि तिन्हींत खड्डे आहेत.

पहिला रस्ता सेटिंग्जचा. मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम घालणारं यूज_थाउजंड_सेपरेटर चालू करायचं आणि गट किती अंकांचे ते सांगणाऱ्या नंबर_ग्रुपिंगला (3, 2, 0) द्यायचं. जँगोच्या हल्लीच्या आवृत्त्यांत चालू भाषेची फॉरमॅट फाइल सेटिंग्जवर मात करते, त्यामुळे इंग्रजी पानावर गटवारी तीन-तीनचीच राहते. मग एजंट स्वतःचं फॉरमॅट मॉड्यूल जोडतो आणि पीडीएफ बरोबर दिसायला लागतं. पण आता प्रकल्पातल्या प्रत्येक टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) छापला जाणारा प्रत्येक पूर्णांक स्वल्पविराम घेऊन येतो. ऑर्डरचा आयडीसुद्धा. यूआरएल टॅगने तयार केलेले पत्ते शाबूत राहतात, पण हाताने लिहिलेल्या लिंकमध्ये आणि लपवलेल्या इनपुटमध्ये 12345 ऐवजी 12,345 जातं. जावास्क्रिप्टमध्ये तर याहून वाईट होतं: पार्सइंटला "12,345" दिलं की तो स्वल्पविरामाशी थांबतो आणि 12 परत देतो. म्हणजे एरर येत नाही, दुसरीच ऑर्डर उघडते. टेस्ट हिरव्या का राहिल्या? टेस्टच्या डेटाबेसमधले आयडी 1, 2, 3 असतात. हजाराच्या आत स्वल्पविराम येतच नाही. तुमचं "चार दिवसांनी मोडलेलं निघतं" बहुधा याच जातीचं आहे.

दुसरा रस्ता पायथनच्या लोकेल मॉड्यूलचा; लोकेल म्हणजे देश-भाषेनुसार आकडे मांडायचे नियम. सेटलोकेलला एन_आयएन (भारतीय इंग्रजी) दिलं की लॅपटॉपवर छान चालतं. पायथनच्या स्लिम कंटेनरमध्ये (प्रोग्राम सर्व्हरवर ज्यात चालतो त्या काटछाट केलेल्या पॅकेटमध्ये) ते लोकेल नसतं, त्यामुळे तिथे "अनसपोर्टेड लोकेल सेटिंग" म्हणून पडतं. शिवाय सेटलोकेल पूर्ण प्रोसेसला लागू होतं; एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड (समांतर कामं) चालत असतील तर एका विनंतीने बदललेलं लोकेल दुसरीलाही लागतं.

तिसरा रस्ता म्हणजे स्वतःचं फंक्शन: शेवटचे तीन अंक वेगळे, उरलेल्यांचे दोन-दोनचे गट. जागा हीच बरोबर आहे, पण घाईने लिहिलेलं असं फंक्शन उणे आकड्यावर घसरतं. −23567 मध्ये शेवटचे तीन काढले की "−23" उरतं, त्याचे उजवीकडून गट पाडले की "23" आणि "−", आणि क्रेडिट नोटवर छापलं जातं −,23,567. जँगोच्या आत नंबरफॉरमॅट नावाचं मॉड्यूल आहे, ते गटवारी आणि उणे चिन्ह दोन्ही नीट सांभाळतं. मात्र डेसिमल (पायथनचा अचूक दशांश प्रकार) दिल्यावर ते दशांश गोल करत नाही, सरळ तोडतं: 99999.995 चे 1,00,000.00 न होता 99,999.99 होतात. म्हणून आधी क्वांटाइझ (दोन दशांशांपर्यंत गोल), मग स्वरूप.

यातलं काहीही एजंटला "कळत नाही" असं नाही. विचारलं तर तो यातल्या बहुतेक गोष्टी सांगेलही. त्याला माहीत नसतं ते एवढंच की तुमच्या टेम्प्लेटमध्ये आयडी हाताने छापलेले आहेत, तुमचं कंटेनर स्लिम आहे आणि क्रेडिट नोट याच फाइलमधून निघते. ते तुम्हीच सांगायचं असतं.

म्हणून पहिली फेरी फक्त वाचनाची ठेवा. क्लॉड कोड या एजंटमध्ये प्लॅन मोड आहे, कोडेक्समध्ये फक्त वाचायची परवानगी देता येते. दुसरं साधन असेल तर "अजून एकही फाइल बदलू नकोस" असं स्पष्ट लिहा. विचारा: ही रक्कम कुठून येते, कुठे कुठे छापली जाते, याआधी प्रकल्पात असं स्वरूप कुणी दिलं आहे का? शेवटचा प्रश्न चुकवू नका. आठ वर्षांच्या प्रकल्पात रुपयांसाठी एखादं फंक्शन आधीच असण्याची शक्यता मोठी असते, आणि न विचारल्यास एजंट त्याच्या शेजारी दुसरं लिहून ठेवतो. मिळालेली यादी स्वतः गिट ग्रेपने पडताळा (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, ग्रेप म्हणजे त्यातला शोध). एजंटच्या शोधातून हमखास निसटतात ती नावं स्ट्रिंगमधून (साध्या मजकुरातून) जोडलेली असतात: गेटॲटरने बोलावलेली फील्डं, नावाने रांगेत टाकलेली सेलरीची (मागे चालणाऱ्या कामांच्या साधनाची) कामं, हाताने लिहिलेलं एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), सिग्नल, क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कमांड. एखादी विचित्र ओळ दिसली तर गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन ती केव्हा आणि कोणत्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) आली ते बघा. ओळीमागचं कारण कोडमध्ये नसतं, अनेकदा जुन्या कमिटच्या मजकुरात असतं.

मग टेस्ट. ती आधी लिहा, चालवा आणि पडलेली डोळ्यांनी बघा. न पडलेली टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. या कामासाठी आकडे असे घ्या: 0, 999, 1000, 99999, 100000, 1234567.50, −23567, 99999.995 आणि रक्कमच नसलेलं बिल. त्यात 0.125 सुद्धा घाला, कारण पायथनचं डेसिमल मुळात जवळच्या सम अंकाकडे गोल करतं आणि 0.12 देतं, तुमच्या हिशेबाला 0.13 हवं असेल तर ते हाफ-अप (अर्धा असेल तर वर) म्हणून स्पष्ट मागावं लागतं. कुठलं बरोबर ते लेखा विभागाला विचारून ठरवा, एजंटला नाही. टेस्ट एजंटकडून लिहून घेतलीत तरी अपेक्षित उत्तरं तुमच्या हातची असू द्या. त्याने कोडही लिहिला आणि उत्तरंही लिहिली तर दोन्हींत एकच चूक बसते आणि सगळं हिरवं दिसतं. ही टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. पुढे तिच्यात बदल झाला तर तो डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) लपून राहत नाही.

आता प्रत्यक्ष काम सांगायचं. मजकूर साधारण असा (डिपेंडन्सी म्हणजे बाहेरची पॅकेजं, फ्लोट म्हणजे अंदाजी दशांश):

"बिलाच्या पीडीएफमध्ये एकूण रक्कम ₹12,34,567.00 अशी भारतीय गटवारीत दिसायला हवी. सध्या ₹1,234,567.00 दिसते. बदल फक्त दोन फाइलींत: बिलिंगची टेम्प्लेट टॅग्जची फाइल आणि बिलाच्या पीडीएफचं टेम्प्लेट. सेटिंग्ज, मॉडेल, डिपेंडन्सी आणि टेस्ट यांना हात लावू नकोस. रक्कम डेसिमल आहे, तिला फ्लोट करू नकोस. क्रेडिट नोट याच टेम्प्लेटमधून निघते, तिथे रक्कम उणे असते. दोन फाइलींबाहेर बदल लागतोय असं वाटलं तर थांब आणि कारण सांग. शेवटी बिलिंगच्या टेस्ट चालव आणि निकाल जसाच्या तसा दाखव."

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "थांब आणि कारण सांग" हे आहे. एजंटची ओढ काम पुरं करून दाखवण्याकडे असते. थांबण्याची वाट मोकळी ठेवली नाही तर अडचण आल्यावर तो टेस्ट सैल करतो, ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) एरर गिळतो, किंवा रक्कम नसेल तिथे गुपचूप शून्य घालतो. बिलावर चुकून शून्य छापलं जाण्यापेक्षा प्रोग्राम पडलेला केव्हाही बरा.

सूचना मराठीत दिल्या तरी चालतात. फक्त फाइलींची, फंक्शनांची आणि फील्डांची नावं कोडमध्ये आहेत तशीच, रोमन अक्षरांत, चिकटवा. आठवणीतून लिहू नका. कॉमेंट आणि कमिटचा मजकूर कोणत्या भाषेत हवा तेही सांगा, नाहीतर इंग्रजी कोडमध्ये मधेच मराठी कॉमेंट उगवतात. मॉडेलला देवनागरी मजकुराचे टोकन (मॉडेल वाचतं ते तुकडे) सहसा इंग्रजीपेक्षा जास्त लागतात, पण एवढ्याशा सूचनेत त्याची फिकीर करण्याचं कारण नाही.

सुरू करण्याआधी गिट स्टेटस स्वच्छ असायला हवा. तुमचे अर्धवट बदल आणि एजंटचे बदल एकत्र मिसळले की नंतर वेगळे करणं फार त्रासाचं होतं. गिट वर्कट्री वापरून कामासाठी वेगळं फोल्डर आणि वेगळी ब्रँच काढणं उत्तम. वर्कट्रीत गिटने दुर्लक्षित केलेल्या फाइली येत नाहीत, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट (प्रकल्पाच्या पॅकेजांची वेगळी जागा) पुन्हा करावं लागतं, आणि पासवर्डसारख्या सेटिंग्जची एन्व्ह फाइलही येत नाही. ही दुसरी गोष्ट फायद्याची आहे: तिथे टेस्टपुरती एन्व्ह फाइल ठेवा, खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड एजंट चालतो त्या यंत्रणेत असूच नये. वाचणं, टेस्ट चालवणं, डिफ बघणं याला कायमची परवानगी द्या. पॅकेज टाकणं, मायग्रेट करणं (डेटाबेसची रचना बदलणं), पुश करणं (बदल सामायिक रेपोत पाठवणं) याला दरवेळी विचारायला लावा. आणि एडर हा एजंट वापरत असाल तर लक्षात घ्या, तो प्रत्येक बदल आपणहून कमिट करतो. नको असेल तर तो पर्याय आधीच बंद करा.

टेस्टची एक छोटी कमांड हाताशी हवी, अर्ध्या मिनिटात संपणारी. पूर्ण संच वीस मिनिटं घेत असेल तर एजंट तो टाळतो किंवा अर्धवट सोडतो, आणि तुम्हीही टाळता.

डिफ वाचताना क्रम महत्त्वाचा. आधी गिट डिफला स्टॅटचा पर्याय: किती फाइली, किती ओळी. दोन फाइली सांगितल्या आणि पाच दिसल्या तर आतलं वाचायची गरजच नाही, परत पाठवा. आकडा मोठा पण फाइली बरोबर असतील तर डब्ल्यूचा पर्याय देऊन मोकळ्या जागांचे बदल लपवा. बरेचदा फॉरमॅटरने पूर्ण फाइल नव्याने मांडलेली असते. ते वेगळ्या कमिटचं काम आहे, या बदलात ते घेऊ नका, नाहीतर पुढे गिट ब्लेममध्ये त्या फाइलचा इतिहास झाकोळतो. त्यानंतर ओळ न् ओळ वाचा, आणि गिट ॲडला पीचा पर्याय देऊन तुकड्या-तुकड्याने स्वीकारा. असं केलं की प्रत्येक तुकड्यापाशी हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

वाचताना वजा झालेल्या ओळींकडे जास्त लक्ष द्या. नवी ओळ चुकीची असेल तर ती दिसते. गेलेली ओळ नजरेतून सुटते. "हे वापरात नाही" म्हणून काढलेलं फंक्शन, "अनावश्यक" म्हणून काढलेली अट, जुनी कॉमेंट. बँकेच्या फाइलमधल्या एखाद्या विचित्र ओळीसाठी कुणीतरी पाच वर्षांपूर्वी घातलेली ती अट असते. लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) बदलली असेल तर का, ते विचारा. नवीन पॅकेज आलं असेल तर ते खरंच अस्तित्वात आहे का, हे स्वतः पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) जाऊन बघा. मॉडेल कधी कधी खऱ्यासारखं वाटणारं नाव रचतात, आणि तसलीच नावं नोंदवून त्यांत घातक कोड ठेवणारे लोक आहेत.

फॉर्मला फील्ड वाढवण्याचं काम याहून नाजूक, कारण त्यात मायग्रेशन येतं. इथे दोन गोष्टी कायम जपा. आधीच चाललेली मायग्रेशन फाइल एजंटला बदलू देऊ नका. तुमच्या मशीनवर डेटाबेस नव्याने तयार होतो म्हणून चालून जातं, पण प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) ती "झालेली" म्हणून नोंदलेली असते आणि बदल तिथे कधीच पोचत नाही. दुसरी गोष्ट: नल न चालणारं, म्हणजे रिकामं राहू न शकणारं, फील्ड डिफॉल्ट देऊन जोडलं की जँगो कॉलम जोडताना डिफॉल्ट वापरतो आणि लगेच डेटाबेसमधून तो काढून टाकतो. मायग्रेशन झालं आणि जुना कोड अजून दोन मिनिटं चालू आहे, अशा वेळी जुन्या कोडला तो कॉलम माहीतच नसतो, आणि नवीन बिल घालताना नॉट नलची एरर येते. जँगो 5.0 पासून डेटाबेसमध्येच राहणारा डीबी_डिफॉल्ट आहे, तो वापरा. त्याआधीची आवृत्ती असेल तर पहिल्या वेळी नल चालणारं फील्ड जोडा, नवा कोड स्थिरावू द्या, जुन्या ओळी भरा आणि दुसऱ्या वेळी नल बंद करा. हे एजंट आपणहून करत नाही, कारण तुम्ही कोड कसा चढवता हे त्याला दिसत नाही.

दोनदा दुरुस्ती सांगूनही गाडी रुळावर येत नसेल तर वाद घालत बसू नका. बदल टाकून द्या, नवीन सेशन उघडा आणि पहिल्या फेरीत कळलेलं सगळं नव्या सूचनेत लिहा. लांबलेल्या सेशनमध्ये चुकलेले प्रयत्नही संदर्भात साठत जातात आणि एजंट त्यांच्याच आजूबाजूला घुटमळतो. संदर्भ भरला की बरीच साधनं मागच्या संभाषणाचा सारांश करतात, त्यात तुमची "सेटिंग्जला हात लावू नकोस" ही सूचना गळू शकते.

कायम लागणाऱ्या सूचनांसाठी रेपोच्या (प्रकल्पाच्या गिट फोल्डरच्या) मुळाशी फाइल ठेवतात. क्लॉड कोडसाठी क्लॉड डॉट एमडी, कोडेक्स आणि इतर बऱ्याच साधनांसाठी एजंट्स डॉट एमडी. ती तीस-चाळीस ओळींची असावी. त्यात प्रकल्पाचा इतिहास किंवा "स्वच्छ कोड लिही" असला उपदेश नको. टेस्टची कमांड, हात न लावायच्या जागा, आणि कोड वाचून कळणार नाही असे नियम एवढंच: रक्कम नेहमी डेसिमल, वेळ यूटीसीमध्ये साठवायची, जुन्या मायग्रेशन बंद. एजंटने तीच चूक दुसऱ्यांदा केली की एक ओळ वाढवा.

काही कामं मात्र त्याला देऊच नयेत. जागा माहीत आहे आणि बदल तीन ओळींचा आहे, तर सूचना लिहिण्याच्या वेळात तो हातानेच होतो. एमईटीआर या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै 2025 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 16 अनुभवी विकासकांनी स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांतली 246 कामं केली, काही एआयसह, काही त्याविना. एआय वापरल्यावर वेळ 19 टक्के जास्त लागला, आणि त्याच लोकांना वाटत होतं की 20 टक्के वाचला. ती साधनं 2025च्या सुरुवातीची होती, पुढे ती सुधारली. तरी "लवकर झालं" या भावनेवर विसंबू नये, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. आपल्या दहा कामांचा वेळ घड्याळ लावून मोजा, त्यात डिफ वाचण्याचा वेळ धरा, आणि मग ठरवा. ओळखीच्या नसलेल्या भागात शोधाशोध, टेस्टचे नमुने वाढवणं, वीस टेम्प्लेटमध्ये एकसारखा बदल, इथे एजंट खरोखर हात देतो.

मराठी मजकूर असलेल्या प्रकल्पांसाठी एक वेगळी काळजी. "कर्मचाऱ्यांची यादी" या शब्दांतला "ऱ्या" युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिलेला असतो: ऱ हे एकच अक्षर म्हणून, र अधिक नुक्ता म्हणून, किंवा जुन्या फाइलींत र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक झेडडब्ल्यूजे असा. एजंटचं संपादन बहुधा मजकूर तंतोतंत जुळवून होतं. तो स्वतः टंकतो ते रूप वेगळं निघालं तर "मजकूर सापडला नाही" असं येतं, आणि मग तो अख्खी फाइल नव्याने लिहून काढण्याच्या मागे लागतो. त्यात झेडडब्ल्यूजे गळाला तर "कर्मचार्यांची" असा रफार दिसतो, ते निदान डोळ्यांना कळतं. नुक्त्याचं रूप बदललं तर पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, डिफमध्ये दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात, आणि शोधात मात्र नाव सापडेनासं होतं. अशा हुबेहूब ओळी दिसल्या की त्या स्वीकारू नका. शोधासाठी साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी (युनिकोडची एकरूप मांडणी) करा. त्यात नुक्त्याचं रूप एकच ऱ होतं, झेडडब्ल्यूजे मात्र तसाच राहतो, तो वेगळा हाताळावा लागतो.

भाषांतराच्या पीओ फाइलींतही असंच एक गाळात नेणारं ठिकाण आहे. एजंटने मेकमेसेजेस (भाषांतराची वाक्यं गोळा करणारी कमांड) चालवलं की प्रत्येक वाक्यावरचे ओळक्रमांक बदलतात आणि डिफ शेकडो ओळींचा होतो. नो-लोकेशनचा पर्याय दिला की ते थांबतं. जवळपास जुळणाऱ्या वाक्यांना ही कमांड जुनं भाषांतर चिकटवून "फझी" अशी खूण करते. फझी भाषांतर कम्पाइल होताना गाळलं जातं, म्हणून फाइलमध्ये मराठी दिसत असूनही पानावर इंग्रजी येतं. एजंट फाइल बघून "भाषांतर आहे" असं सांगतो. तेव्हा पीओच्या डिफमध्ये फझी हा शब्द शोधा, त्या ओळीचं भाषांतर मराठी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मगच खूण काढा आणि कम्पाइलमेसेजेस चालवून पान ब्राउझरमध्ये उघडून बघा.